आधुनिक ग्रीकचे अध्ययन आणि मराठी विद्यार्थी

मराठी भाषकाला आधुनिक ग्रीक शिकायची झाल्यास बहुधा इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांचाच आधार घ्यावा लागतो. ही पुस्तके जेथे विस्ताराने समजावतात तेथे आपल्या विद्यार्थ्याला अडचणच नसते, आणि तो जेथे अडखळतो तेथे ती मौन पाळतात. उदाहरणार्थ, ग्रीकमध्ये ‘पेदी’ (मूल) आणि ‘कोरित्सी’ (मुलगी) हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी आहेत. इंग्रजी भाषकाला हे विपरीत वाटते. मराठीत मात्र ‘ते मूल’ आहेच. शिवाय लालबाग-परळच्या चाळींत मालवणी ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याला मुलीसाठी ‘चेडू’ हा नपुंसकलिंगी शब्द घरचाच असतो. ज्या बोलीचा प्रमाण मराठीच्या वर्गात संकोच वाटतो, तीच येथे उपयोगी पडावी, हे लक्षणीय आहे.

खरी अडचण निराळी आहे. ग्रीकमधील नपुंसकलिंगी उपपदाचा उच्चार ‘तो’ असा होतो! ‘तो कोरित्सी’ ऐकताच मराठी मन पुल्लिंगाकडे धावते. ह्याचा इशारा इंग्रजी पुस्तकाने द्यावा, ही अपेक्षाच अवाजवी होय.

उच्चारांचेही तसेच. ‘थीटा’ आपण ‘थ’ने लिहितो. प्राचीन अथेन्सच्या महाप्राण उच्चाराला ते साजेसे आहे. आजच्या ग्रीकमध्ये मात्र तो जिभेचे टोक दातांना लावून काढलेला घर्षक ध्वनी आहे. उलट क, त, प हे ग्रीकमध्ये अल्पप्राणच असल्याने येथे मराठी विद्यार्थी इंग्रजी भाषकाच्या पुढे असतो. मराठीतून ग्रीक शिकविणारे पुस्तक कोणी लिहिलेच, तर त्याचा पहिला पाठ ह्या ‘तो’वरच असावा.