हस्ताक्षर कोणाचे? : भिक्खू हुआयरन यांची शिळा

चिनी सुलेखनकलेचे विवेचन करताना एक सिद्धान्त हमखास पुढे केला जातो. अक्षर म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनाचे चित्र, असा हा विचार हान काळातील यांग श्युंग यांच्यापासून चालत आलेला आहे. तो कितपत टिकतो हे पाहण्यासाठी आम्ही येथे एकच कृती घेत आहोत. छांगआन (आजचे शिआन) येथील हुंगफू विहाराचे भिक्खू हुआयरन यांनी सिद्ध केलेली ही शिळा इ. स. 672 मध्ये उभारली गेली.

सुलेखनाचा आरंभ या सिद्धान्ताला फारसा आधार देत नाही. आन्यांग येथे सापडलेली, इ. स. पूर्व सुमारे 1200 पासूनची कासवाच्या कवचांवरील आणि गुरांच्या हाडांवरील अक्षरे शांग राजांच्या शकुनप्रश्नांसाठी कोरलेली होती. इ. स. पूर्व 221 मध्ये छिन राज्याने चीन एकछत्री केल्यावर अक्षरांची रूपे राजाज्ञेने एक करण्यात आली. पुढे कचेऱ्यांतील लेखनिकांच्या हाती लिपी सुटसुटीत झाली. कुंचल्याचे मऊ टोक रेषेला जाडी, निमुळतेपणा आणि गती देत होते. कागदाचा प्रसार झाला, आणि मग लिहिणाऱ्याचा हात हाच रसास्वादाचा विषय ठरला. चौथ्या शतकातील वांग शीची हे या परंपरेचे शिरोमणी होत. कलेतील ‘व्यक्ती’ अशी पुष्कळ उशिरा अवतरली.

आता प्रस्तुत शिळेकडे वळू. महाराष्ट्रातही येऊन गेलेले ह्युएन त्संग 645 मध्ये ग्रंथसंभार घेऊन छांगआनला परतले. त्यांच्या अनुवादकार्यासाठी सम्राट ताइत्सुंग यांनी 648 मध्ये प्रस्तावना लिहिली. मंत्री छू सुईल्यांग यांच्या हस्ताक्षरात ती 653 मध्ये कोरली गेली, आणि त्या दोन शिळा शिआनच्या महाहंस पॅगोडात आजही आहेत. हुआयरन यांचा मार्ग निराळा होता. ताइत्सुंग हे वांग शीची यांच्या अक्षरांचे निस्सीम भक्त. हुआयरन यांनी तीनशे वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या त्या लेखकाच्या उपलब्ध लेखनातून एकेक अक्षर वेचले. जे मिळाले नाही ते इतर अक्षरांचे अवयव जुळवून घडविले. अशा सुमारे 1,900 अक्षरांत राजप्रस्तावना आणि शेवटी ह्युएन त्संग यांच्या नावे असलेले हृदयसूत्र सिद्ध झाले. या कामी वीसहून अधिक वर्षे गेली, असे परंपरा सांगते.

अक्षरागणिक पाहता ही शिळा अतुलनीय आहे, यात शंका नाही. परंतु धावत्या लिपीचे प्राण एका अक्षरात नसतात. एक अक्षर संपून दुसरे सुरू होते त्या ओघात असतात. वांग शीची यांच्या ‘लानथिंग’ प्रस्तावनेत एकच अक्षर सुमारे वीस वेळा येते आणि दर वेळी निराळे रूप घेते, कारण हात पुढच्या शब्दाकडे निघालेला असतो. हुआयरन यांना मात्र जेवढी रूपे हाती लागली तेवढ्यांवरच भागवावे लागले. परिणामी शेजारी बसलेली अक्षरे एकमेकांना ओळखतातच असे नाही. छू सुईल्यांग यांची ओळ कृश असली तरी सलग श्वासाची आहे. सुंग काळात दरबारी लेखनिकांनी हुआयरन यांच्याच शिळेचे अनुकरण केले. त्यातून निपजलेल्या निर्जीव वळणाला जाणकारांनी उपहासाने ‘दरबारी शैली’ म्हटले. समीक्षक हुआंग पोसी यांनी त्याचा दोष शिळेला न देता शिकणाऱ्यांना दिला. हा निवाडा आम्हाला अर्धाच मान्य आहे. ओघाची उणीव मुळातच होती.

मग हे कोणाच्या मनाचे चित्र? वांग शीची यांनी हे सूत्र कधी लिहिले नाही. त्यांचे घराणे तर ताओपंथी. हुआयरन यांनी स्वतःच्या हाताची एकही रेषा त्यात घातली नाही. जुळवलेल्या अवयवांचे, स्वामी नसलेले हे हस्ताक्षर आहे. आणि ते ज्या सूत्रासाठी वापरले गेले, ते पंचस्कंधांत ‘मी’ शोधू नये हेच सांगते. पाली निकायांतील अनत्त विचाराशी परिचित असलेल्या वाचकाला ही गोष्ट जाणवल्यावाचून राहणार नाही. हुआयरन यांना हा अर्थ अभिप्रेत होता, असा दावा आम्ही करीत नाही. कृती कर्त्याच्या हेतूपलीकडे बोलते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमचा खरा आक्षेप शिळेवर नसून तिच्या वापरावर आहे. शतकानुशतके तिचे शाईचे ठसे घेतले गेले. तडा जाण्यापूर्वीच्या ठशांना अधिक मोल आले. असंख्य विद्यार्थ्यांनी ती गिरवली, परंतु गिरवली ती वळणासाठी. सूत्र कित्त्यापुरते उरले. उलट तुनहुआंगच्या गुंफेतून 1900 मध्ये प्रकाशात आलेल्या हजारो हस्तलिखितांचे बहुतेक लेखक कलेच्या इतिहासात अनामिकच राहिले. त्यांनी सूत्रे लिहिली ती वाचली जावीत, टिकावीत, पुण्य घडावे म्हणून. राजाच्या आवडीने श्रेष्ठ ठरलेल्या हाताचा गौरव करताना या हातांना केवळ नकलनवीस म्हणणे न्याय्य नव्हे. सुलेखनाची कसोटी लावताना अक्षर सुंदर आहे काय, एवढे विचारून थांबू नये. त्या अक्षराने वचन वाचकापर्यंत पोचविले काय, हेही विचारले पाहिजे.