सौरवेधांच्या विश्लेषणाची सामायिक साधने : सोलरसॉफ्ट आणि सनपाय यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

उपग्रहाने टिपलेली सूर्याची प्रतिमा मूळ स्वरूपात अभ्यासास उपयोगी पडत नाही. दुर्बिणीचा कल, सूर्यबिंबाच्या केंद्राचे स्थान, संवेदकाची घटत जाणारी क्षमता इत्यादींचा हिशेब केल्यावरच त्या प्रतिमेवरून सूर्याविषयी काही विधान करता येते. हा हिशेब आज्ञावली करतात. सौरवेध जगातील कोणाही अभ्यासकास विनामूल्य मिळतात, ही या विद्याशाखेची अभिमानास्पद परंपरा होय. परंतु वेध खुले असणे आणि त्यांवर संस्कार करण्याची पद्धत खुली असणे, या दोन भिन्न बाबी आहेत. या भेदाच्या आधारे सोलरसॉफ्ट आणि सनपाय या दोन सामायिक विश्लेषण-प्रणालींचे मूल्यमापन येथे केले आहे.

सोलरसॉफ्ट : योगदान आणि मर्यादा

१९९१ मध्ये जपानचा ‘योहकोह’ आणि १९९५ मध्ये युरोप व अमेरिकेचा ‘सोहो’ अवकाशात गेला. प्रत्येक उपकरणाच्या चमूने स्वतःपुरत्या आज्ञावली लिहाव्यात, ही रीत त्यानंतर अपुरी ठरू लागली. निरनिराळ्या मोहिमांच्या आज्ञावली एकाच रचनेत आणणारी सोलरसॉफ्ट ही प्रणाली या गरजेतून साकारली. फ्रीलंड आणि हँडी यांनी १९९८ मध्ये ‘सोलर फिजिक्स’ या नियतकालिकात तिचे विवेचन केले. उपकरण बनविणाऱ्यांचे अनुभवजन्य ज्ञान इतरांच्या हाती देण्याचे मोठे कार्य या प्रणालीने केले, हे निर्विवाद आहे.

तथापि सोलरसॉफ्टचा पाया आयडीएल ही संगणकभाषा आहे आणि ती व्यापारी स्वरूपाची आहे. आज्ञावली विनामूल्य, पण त्या चालविण्यासाठी लागणारी भाषा परवाना शुल्क भरून घ्यावयाची, असा हा विसंवाद होता. संपन्न संशोधनसंस्थांना तो फारसा जाणवला नाही; मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयीन विभागास मात्र तो प्रवेशद्वारीच अडवीत असे. जीडीएल या मुक्त पर्यायाने ही अडचण काही अंशी कमी केली, पण सोलरसॉफ्टचा प्रत्येक भाग त्यावर तंतोतंत चालेलच, अशी खात्री देता येत नाही.

सनपाय : नवी दिशा

२०११ मध्ये अमेरिकेतील गोडार्ड अंतराळ उड्डाण केंद्रातील काही अभ्यासकांनी पायथन या मुक्त भाषेच्या आधारे सनपायचा आरंभ केला. तिची १.० ही आवृत्ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सनपायच्या आवृत्त्या क्रमांकित असतात व जुन्या आवृत्त्याही जतन केल्या जातात. त्यामुळे एखाद्या शोधनिबंधातील निष्कर्ष कोणत्या आवृत्तीच्या साहाय्याने काढला हे नोंदविता येते आणि दुसऱ्यास तो तपासून पाहता येतो.

या तपासणीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१० मध्ये प्रक्षेपित झालेल्या ‘सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी’वरील एआयए हे उपकरण ४०९६ × ४०९६ बिंदूंच्या प्रतिमा घेते. त्याच्या ३०४ अँगस्ट्रॉम वाहिनीची संवेदनक्षमता काळाच्या ओघात लक्षणीयरीत्या घटली आहे. ही घट विचारात न घेता २०१० मधील प्रतिमेची नंतरच्या प्रतिमेशी तुलना केल्यास उपकरणाचा मंदपणा सूर्याचा मंदपणा म्हणून नोंदला जाईल. सनपायशी संलग्न ‘एआयएपाय’ या संचात या दुरुस्तीची सोय आहे. मात्र ती वापरणे, आणि वापरल्याचे नमूद करणे, ही अभ्यासकाची जबाबदारी राहते.

सनपायही दोषमुक्त नाही. सोलरसॉफ्टमध्ये अनेक दशकांत साठलेले जुन्या उपकरणांविषयीचे ज्ञान तिच्यात पूर्णपणे उतरलेले नाही. तिच्या जडणघडणीचा बराचसा भार स्वयंसेवी श्रमांवर आहे. शोधनिबंधास शैक्षणिक मूल्यांकनात जे स्थान मिळते, ते आज्ञावली लिहून तिची निगा राखण्याच्या कामास सहसा मिळत नाही. शिवाय आज्ञावलीची संहिता सर्वांसमोर असली तरी ती वाचण्याचे कष्ट न घेणाऱ्या अभ्यासकास तिच्या खुलेपणाचा लाभ होत नाही. त्याच्या दृष्टीने ती बंद पेटीच असते.

भारतीय संदर्भ

२ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘आदित्य-एल१’ या भारतीय मोहिमेमुळे हा प्रश्न जवळचा झाला आहे. या यानावरील ‘सूट’ ही २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीत सूर्याच्या प्रतिमा घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेच्या नेतृत्वाखाली विकसित झाली. मोहिमेचे वेध भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर अभ्यासकांना उपलब्ध होतात. महाराष्ट्रातील पदव्युत्तर विभागास हे वेध उतरवून घेणे आता कठीण नाही. अवघड आहे ते त्यांवरील संस्कार समजून घेणे.

निष्कर्ष

सोलरसॉफ्टने पद्धत सामायिक केली, परंतु ती सशुल्क पायावर. सनपायने पायाही खुला केला, परंतु तिला टिकवून धरणाऱ्या श्रमांची व्यवस्था अद्याप अपुरी आहे. यावरून दोन अपेक्षा मांडता येतात. प्रत्येक मोहिमेने वेधांसोबत अंशांकनाच्या आज्ञावलीही आवृत्ती-क्रमांकासह प्रसिद्ध कराव्यात. विद्यापीठांनी अशा आज्ञावलींच्या लेखनास संशोधनकार्य म्हणून मान्यता द्यावी. या दोन्हींच्या अभावी विद्यार्थ्यास सूर्याच्या प्रतिमा मिळत राहतील, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष बरोबर की चूक, हे त्याला स्वतः ठरविता येणार नाही.