एका लांबलचक शब्दाची चिकित्सा

हुपरीच्या एका शाळेत विज्ञान दिनानिमित्त प्रश्नमंजूषेची स्पर्धा होती. परीक्षक म्हणून आम्हाला बोलावले होते. 'इंग्रजीतील सर्वांत लांब शब्द कोणता?' असा प्रश्न येताच नववीतील एका मुलीने एका दमात उत्तर दिले : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. टाळ्या पडल्या. अर्थ विचारल्यावर तिने तोही सांगितला : ज्वालामुखीची बारीक धूळ श्वासात गेल्याने होणारा फुफ्फुसाचा रोग. मुलीचे पाठांतर बिनचूक होते. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या शब्दाबद्दल आणि सामान्यज्ञान म्हणून तो मुलांपुढे ठेवणाऱ्या आपणा मोठ्यांबद्दल.

इंग्रजीत 45 अक्षरांचा हा शब्द कोणा डॉक्टराने घडवलेला नाही. अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी 1935 साली तो रचला, आणि तोही लांबीचा विक्रम व्हावा म्हणून. पुढे तो शब्दकोशांत शिरला. मात्र लांब शब्दाचा नमुना म्हणूनच तो मुख्यतः आढळतो, असे ऑक्सफर्डचा कोशही सांगतो. वैद्यकात या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. हे सुटसुटीत नाव 1870 पासून चालत आले आहे.

ज्या काळात हा खेळ चालला होता, त्याच काळात अमेरिकेच्याच वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथील बोगद्याचे कामगार सिलिकोसिसने मरत होते. 1930 साली सुरू झालेल्या त्या बोगद्याच्या वाटेत सिलिकाने भरलेला खडक होता. तो पुरेसे पाणी न वापरता कोरडाच खोदला गेला. शेकडो कामगार दगावले. त्यांत बहुसंख्य काळे होते. 1936 साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली. शब्द मात्र ज्वालामुखीचा झाला, बोगद्याचा नाही.

आता शब्दाचे तुकडे तपासू. 'न्यूमोनो' म्हणजे फुफ्फुस आणि 'कोनिस' म्हणजे धूळ. येथवर ठीक आहे. 'अल्ट्रामायक्रोस्कोपिक' म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. हे चुकीचे आहे. फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचणारे घातक कण साधारण अर्ध्या ते पाच मायक्रॉनचे असतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण चांगल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतले बरेचसे दिसू शकतात.

या आकाराचे महत्त्व वर्गात गणिताने पटवता येते. स्टोक्सच्या सूत्राने क्वार्ट्झच्या कणाचा स्थिर हवेत खाली येण्याचा वेग काढा. 50 मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून सात-आठ सेकंदांत जमिनीवर येतो. 5 मायक्रॉनच्या कणाला सुमारे बारा मिनिटे लागतात आणि 1 मायक्रॉनच्या कणाला पाच तास. म्हणजे डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसली आणि हवा स्वच्छ वाटू लागली, तरी नेमकी घातक धूळ नाकासमोर तरंगतच असते.

'सिलिको' हा तुकडा अपुरा आहे. काचेतही सिलिका असते, पण ती अस्फटिकी. सिलिकोसिस होतो तो क्वार्ट्झसारख्या स्फटिकी सिलिकामुळे. असा कण वायुकोशात पोचला की आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. उलट त्याच मरतात, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रातून दाह होत राहतो व फुफ्फुसात घट्ट तंतूंच्या गाठी बनतात. कामगाराने ते काम सोडले तरी रोग वाढू शकतो. फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. या रोग्याला क्षयाची बाधा होण्याचा धोका जास्त असतो. शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

सर्वांत मोठी चूक 'व्होल्कॅनो'ची. ज्वालामुखीच्या राखेत स्फटिकी सिलिका असू शकते, हे खरे. पण जगभरचे सिलिकोसिसचे रोगी खाणींत, दगड फोडण्याच्या कामावर आणि कारखान्यांत तयार होतात. गंमत अशी की, कोल्हापूर परिसरातला काळा बेसाल्ट हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच खडक आहे, आणि त्यात मुक्त क्वार्ट्झ फारच थोडे असते. आपल्या भागात क्वार्ट्झ येते ते ट्रकमधून. सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, आणि अशी वाळू फौंड्रीत साचे व गाभे करायला लागते.

हुपरी म्हटले की चांदीचे पैंजण आठवतात. चांदीकामातील धूर आणि धुळीचे प्रश्न वेगळे आहेत. त्यांवर स्वतंत्रपणे लिहायला हवे. पण हुपरीच्या शेजारीच कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. पलीकडे शिरोली आणि गोकुळ शिरगाव आहेत. स्पर्धा संपल्यावर आम्ही मुलांना विचारले, "घरातले कोणी फौंड्रीत कामाला आहे का?" बरेच हात वर झाले. लांब शब्द सांगणाऱ्या मुलीचाही हात त्यांत होता. तिने पाठ केलेला रोग तिच्या वडिलांच्या कामाशी जोडलेला आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

फौंड्रीत साचा बनवताना वाळू ओलसर असते, तेव्हा धूळ कमी उडते. तप्त रस ओतल्यावर ती कोरडी होते. मग साचा फोडताना आणि ओतीव भाग घासून साफ करताना, म्हणजे फेटलिंगच्या वेळी, बारीक धूळ हवेत जाते. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवू शकत नाही. धूळ निघते तिथेच ती ओढून घेणारी यंत्रणा, जमेल तिथे पाण्याचा वापर, झाडण्याऐवजी व्हॅक्यूमने सफाई, योग्य मास्क आणि ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे हे खरे उपाय आहेत. अमेरिकेत 2016 साली आठ तासांच्या पाळीसाठी घनमीटर हवेत सरासरी 50 मायक्रोग्रॅम सिलिका ही मर्यादा ठरली. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यानेच सिलिकोसिसला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातले होते. म्हणजे हा रोग निसर्गाचा कोप नाही, टाळता येणारी गोष्ट आहे, हे कायद्याला केव्हाच मान्य होते. आपल्या प्रश्नसंचाला ते अजून मान्य नाही.

शब्दातला ज्वालामुखी म्हणूनच आम्हाला खटकतो. ज्वालामुखीला कोणी जाब विचारू शकत नाही. धूळ ओढणारा पंखा का बसवला नाही, हे मात्र विचारता येते. त्या शब्दात कामगार नाही, काम नाही आणि उपायही नाही.

शिक्षकांना आमची एक विनंती आहे. पुढच्या प्रश्नमंजूषेत हा शब्द ठेवायचाच असेल, तर त्याच्या लांबीला गुण देऊ नका. 'या शब्दात काय चुकले आहे?' असे विचारा. आणि त्यानंतर, 'आपल्या गावातल्या कोणत्या कामात वाळूची धूळ उडते, आणि ती कशी थांबवता येईल?' असा दुसरा प्रश्न ठेवा. त्याचे उत्तर शोधायला मुलांना घरी विचारावे लागेल. त्यासाठी तीन गुण ठेवले तरी कमीच पडतील.