बरं वाटलं, पण कोणाच्या तुलनेत?

पीटर लेव्हिन यांची ‘सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंग’ ही थेरपी मानसिक आघातावर शरीरातल्या संवेदनांमार्फत काम करते. २०१७ मध्ये तिची इस्रायलमधली चाचणी प्रसिद्ध झाली. पीटीएसडीचे ६३ रुग्ण, १५ सत्रं. लक्षणं बरीच कमी झाली. पण तुलना कोणाशी? उपचाराची वाट बघत थांबलेल्यांशी! मग गुण संवेदनांकडे लक्ष दिल्याने आला, की दर आठवड्याला कुणीतरी नीट ऐकून घेतल्याने? या रचनेतून ते कळत नाही. व्हॅन डर कोल्क यांच्या २०१४ च्या योग-चाचणीत दुसऱ्या गटाला आरोग्यशिक्षणाचे वर्ग दिले होते. ती तुलना जास्त कडक. थेरपी निरुपयोगी आहे असं नाही, पण ती का चालते हे अजून सिद्ध व्हायचंय. म्हणून पेपर हातात आला की निष्कर्षाआधी कंट्रोल ग्रुप बघा.