शरदाचे कालमापन : ऋतुवर्णनाच्या वाचनातील एक प्रश्न

मराठीतील ऋतुवर्णनपर लेखनाची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. लेखकाची संवेदनशीलता किती तरल आहे, हा पहिला. आणि त्याची प्रतिमासृष्टी पूर्वसंकेतांपासून किती मुक्त आहे, हा दुसरा. या चर्चेत एक तिसरा प्रश्न राहून जातो : लेखक ज्याला 'शरद' म्हणतो तो त्याने कोणत्या कालगणनेने ओळखला? हा प्रश्न वरवर पंचांगाचा वाटतो. परंतु ऋतुवर्णन ही मुळातच कालवाचक संहिता असल्यामुळे तो तिच्या अर्थनिर्णयनाचाही ठरतो. पुण्यासारख्या शहराच्या संदर्भात तर तो टाळताच येत नाही.

युरोपीय भाषांतील साहित्यात उन्हाळ्यातून थेट पानगळीच्या ऋतूत जाता येते. आपल्याकडे ग्रीष्म आणि शरद यांच्यामध्ये संपूर्ण वर्षाऋतू उभा असतो, आणि तो ओसरल्यावर दुसरा, छोटा उन्हाळा येतो. भाद्रपदात वेताळ टेकडीच्या उतारावर तेरडा गुलाबी होतो; गौरीच्या सणात त्याची रोपे घरात येतात आणि 'तेरड्याचा रंग तीन दिवस' या म्हणीला साक्ष देत मावळतात. पुढे गवत पिवळे पडते, त्याची कुसळे कपड्यांत रुततात, चतुरांचे थवे हवेत तरंगू लागतात, नदीकाठी शेपटी हलवणारे धोबी पक्षी उत्तरेकडून परततात. रात्री सुखावह होतात आणि दुपारी मात्र अंग भाजते. या दुपारींना सर्वसामान्य पुणेकर 'ऑक्टोबर हीट' म्हणतो. ऋतुवाचक शब्दांनी समृद्ध असलेल्या भाषेला हा शब्द उसना का घ्यावा लागला?

'शरद' या शब्दाच्या काव्यगत इतिहासात याचे उत्तर सापडते. आयुर्वेदातील ऋतुचर्येला शरदाचे ऊन ठाऊक होते. म्हणूनच तिने हा पित्तप्रकोपाचा काळ मानला. काव्यसंकेताने मात्र त्याच ऋतूतून निरभ्र आकाश, निवळलेले पाणी आणि चांदणे तेवढे निवडले. मराठीने काव्यातला शरद उचलला आणि वैद्यकातला शरद मागे राहिला. रिकाम्या राहिलेल्या त्या जागी इंग्रजी महिना येऊन बसला.

याचा अर्थ संकेत खोटे होते असा नाही. खंजन पक्षी हे संस्कृत काव्यात शरदाचे चिन्ह आहे. मुठेच्या काठी परतणारे धोबी हे त्याचेच कुळ. 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात सप्तपर्णाच्या उग्र गंधाची सांगड हत्तीच्या मदगंधाशी घातली आहे. हाच वृक्ष, म्हणजे आपली सातवीण, पुण्यात रस्त्यांच्या कडेला लावला गेला, आणि ऑक्टोबरच्या रात्री त्याच्या वासाने डोके दुखते अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तक्रार करणाऱ्याला आपण एका प्राचीन काव्यसंकेताची प्रचीती घेत आहोत याची कल्पना नसते, आणि कालिदास शिकवणाऱ्यालाही पुष्कळदा ते झाड ओळखता येत नाही. संकेत आणि प्रत्यय दोन्ही शाबूत असताना त्यांना जोडणारे वाचन तुटले आहे.

असे वाचन करण्याचे एक साधन परंपरेतच उपलब्ध आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'च्या कालविभागाच्या प्रकरणात ऋतूच्या चार अवस्था सांगितल्या आहेत : संधी, शैशव, प्रौढी आणि अनुवृत्ती. यांपैकी पहिली आणि शेवटची आपल्या दृष्टीने मोलाची आहे. संधी म्हणजे दोन ऋतूंचा सांधा. अनुवृत्ती म्हणजे सरलेल्या ऋतूच्या खुणा पुढच्या ऋतूत रेंगाळणे. ऋतू हा सुटा कप्पा नसून त्याची सीमा नेहमीच सरमिसळीची असते, हे येथे शास्त्रकारानेच मान्य केले आहे. मराठी समीक्षेने राजशेखराकडून कविशिक्षा घेतली. ही सूक्ष्म कालदृष्टी मात्र फारशी वापरली नाही.

लोकपरंपरेने सांधा ओळखण्याची निराळी सोय केली. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा मांडावा, हत्तीचे चित्र पुजावे, सोळा दिवस गाणी म्हणावीत, अशी रीत आहे. हत्ती हे हस्ताचे, म्हणजे पावसाच्या अखेरच्या मोठ्या सरींचे प्रतीक. पुणे परिसरात हाच खेळ भोंडला म्हणून नवरात्रात, म्हणजे चांद्र तिथीने खेळला जातो. सूर्यनक्षत्राची तारीख स्थिर असते. चांद्र महिना मात्र अधिक मासामुळे मागेपुढे सरकतो. २०२० साली अधिक अश्विन आल्याने नवरात्र १७ ऑक्टोबरला बसले. तोवर हस्त संपून सूर्य चित्रा नक्षत्रात गेला होता. चिन्ह तेच राहिले, पण चिन्हित मागे पडले. आणि १४ ऑक्टोबरच्या रात्री, हस्त सरल्यावर, पुण्यात मुसळधार पाऊस झाला : वर्षेची अनुवृत्ती.

कालगणना आणि ऋतू यांची ही फारकत पुण्याला नवी नाही. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला, तो याच कारणासाठी. निरयन गणनेत महिने ऋतूंपासून सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस या गतीने सरकत राहतात, आणि महिन्याचे नाव कालांतराने त्याच्या ऋतूला मुकते.

या पार्श्वभूमीवर दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) पुन्हा वाचले पाहिजे. ललित गद्याचा मानदंड म्हणून त्याचा गौरव झाला. त्याच्या रूपबंधाची चर्चा मात्र कमी झाली. दुर्गाबाईंनी सहा ऋतूंची चौकट न घेता चैत्र ते फाल्गुन हे बारा महिने घेतले. ऋतूपेक्षा महिना लहान असल्याने त्यात संधी आणि अनुवृत्ती मावतात, आणि संकेताने ठरवलेल्या गुणांना पक्की जागा उरत नाही. त्यांच्या निरीक्षणाला मिळालेली मोकळीक या रचनेतून येते. मात्र याच रचनेला दोन मर्यादाही आहेत. पहिली, त्यातले आकाश मुख्यतः मुंबईचे, समुद्राकाठचे आहे; सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या पुण्याने ते आपले म्हणून वाचताना सावध असावे. दुसरी, 'चक्र' हा शब्दच खुणा फिरून येतील असे गृहीत धरतो. तेथील वर्ष अमुक एका सालचे नाही.

आज हेच गृहीत डळमळले आहे. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सरासरी तारखा सुधारल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर आधारलेल्या होत्या. नव्या गणनेत मुंबईहून पाऊस परतण्याचा दिवस २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेला. त्याआधी एकच वर्ष, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, ऐन पितृपंधरवड्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. निवळलेल्या पाण्याचा ऋतू म्हणून ज्याच्या उंबरठ्यावर आपण उभे असतो, त्याच्या संकेतव्यवस्थेत या रात्रीसाठी शब्द नाही.

यावर आक्षेप येईल की साहित्याला हवामानाची नोंदवही करणे म्हणजे त्याचे अवमूल्यन आहे. आक्षेप गंभीर आहे. पण तो नोंद आणि भाव यांना परस्परविरोधी मानतो. 'गाथासप्तशती'त पिकत चाललेले भाताचे शेत हे प्रेमिकांच्या भेटीची जागा संपत आल्याचे चिन्ह होते. तेथील दुःखाची तीव्रता पीक नेमके कधी कापले जाणार यावर अवलंबून आहे. खूण ढिली झाली की भावही ढिला होतो. स. आ. जोगळेकरांची 'गाथासप्तशती' पुण्यात प्रसिद्ध झाली तीही १९५६ सालीच. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याचे काम अद्याप व्हायचे आहे.

तेव्हा ऋतुवर्णनाचा अभ्यास करणाऱ्याने संहितेला किमान तीन गोष्टी विचाराव्यात : स्थळ कोणते, गणना कोणती, आणि वर्णिलेली अवस्था ऋतूची प्रौढी आहे की अनुवृत्ती. हे विचारल्याशिवाय 'निसर्गाशी तादात्म्य' यांसारखी विधाने करू नयेत. कोणत्या शरदाशी तादात्म्य, हे आधी ठरले पाहिजे.