कंपन्यांचे प्रगतिपुस्तक

सप्टेंबर २०१५ च्या दुसऱ्या आठवड्यात फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीला मोठा मान मिळाला. डाऊ जोन्स शाश्वतता निर्देशांकासाठी जगभरच्या कंपन्या तपासणाऱ्या परीक्षकांनी मोटार उद्योगात तिला पहिला नंबर दिला. शंभरापैकी ९१ गुण! हवामानविषयक धोरण आणि आचारसंहिता या विषयांत तर पैकीच्या पैकी. आठवडा उलटतो न उलटतो तोच, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने जाहीर केले की याच कंपनीच्या सुमारे पाच लाख डिझेल गाड्या रस्त्यावर धावताना मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड ओकतात. आपली तपासणी चालू आहे हे गाडीतल्या संगणकाला कळत असे. चाके फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे गाडी प्रयोगशाळेत उभी आहे, एवढे ओळखले की इंजिन शहाण्यासारखे वागे. तपासणी संपली की पहिले पाढे पंचावन्न.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे मला धक्का बसला तो त्या लबाडीचा नव्हे, तिच्या साधेपणाचा. दोन-चार ठिकाणचे आकडे वाचायचे आणि एक 'जर-तर' लिहायचे; कॉलेजातल्या पोराला जमेल असे काम. परीक्षा कशी होणार हे आधीच ठाऊक असले की परीक्षेपुरते वागणे सर्वांत स्वस्त पडते. धुराच्या बाबतीत हे करायला निदान कायदा तरी मोडावा लागला. शाश्वततेचे गुण मिळवायला तेवढेही कष्ट पडत नाहीत, हे माझे गाऱ्हाणे आहे.

हा विषय दूरचा वाटत असेल तर आपल्या निवृत्तीच्या पैशांचे कागद काढून पाहावेत. फंडांच्या यादीत 'पर्यावरण, समाज आणि कारभार' या तीन कसोट्यांवर निवडलेल्या कंपन्यांचा एखादा फंड बऱ्याचदा सापडेल. १९९० साली अमेरिकेत डोमिनी ४०० हा अशा कंपन्यांचा निर्देशांक निघाला तेव्हा तो बराचसा धार्मिक संस्था आणि विवेकाची टोचणी लागलेल्या थोड्या लोकांचा मामला होता. आज एमएससीआय, सस्टेनॅलिटिक्स, एस अँड पी अशा बड्या संस्था हजारो कंपन्यांना गुण देतात आणि ते पाहून फंडवाले पैसा हलवतात. पैसा हलला की कंपनी सुधारते, असा हा साधा हिशोब.

पण गुण नेमके कशाचे? फ्लोरियन बर्ग, युलियन क्योल्बेल आणि रोबेर्तो रिगोबोन या संशोधकांनी सहा संस्थांचे गुण शेजारी शेजारी मांडून २०२२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. दोन संस्थांचे मत तंतोतंत जुळले तर १ आणि मुळीच संबंध नसला तर शून्य, असे मोजले तर या संस्थांचा मेळ सरासरी ०.५४ निघतो. कंपनी कर्ज फेडील की नाही हे सांगणाऱ्या संस्थांचा तोच आकडा ०.९२ आहे. कुणी म्हणेल, एकाला पर्यावरण महत्त्वाचे वाटते, दुसऱ्याला कामगार, मतभेद असायचेच. गंमत अशी की कुठल्या विषयाला किती वजन द्यायचे, यावरून पडणारा फरक जेमतेम ६ टक्के आहे. ५६ टक्के फरक पडतो तो एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने मोजल्यामुळे! इंजिनियरला हे ऐकवत नाही. एका थर्मामीटरने ताप दाखवावा, दुसऱ्याने थंडी, आणि दोघांनीही औषध लिहून द्यावे, अशातला हा प्रकार.

मे २०२२ मध्ये एस अँड पीने आपल्या अशा निर्देशांकातून टेस्लाला वगळले. तेल काढणारी एक्सॉनमोबिल मात्र आत राहिली. इलॉन मस्क यांनी आरडाओरडा केला. त्यांची बाजू मी घेणार नाही. टेस्लाला गुण कमी पडले त्यात कामगारांच्या वागणुकीविषयीच्या तक्रारीही होत्या, आणि विजेची गाडी बनवली म्हणून बाकी सारे माफ होत नाही. पण ज्या माणसाने हवा स्वच्छ व्हावी म्हणून त्या फंडात पैसे ठेवले, त्याला हा खुलासा कोण देणार?

त्याहून बोलका किस्सा मॅकडोनाल्ड्सचा आहे. कंपनीचे हरितवायू चार वर्षांत ७ टक्क्यांनी वाढून २०१९ साली ५ कोटी ४० लाख टनांवर गेले, आणि तरी एमएससीआयने तिची श्रेणी वर नेली. कारण कंपनीच्या गुणांच्या हिशोबातून कार्बनचा विषयच गाळला गेला होता. ही हकीकत ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी २०२१ च्या डिसेंबरात छापली. आपण मोजतो ते जगामुळे कंपनीच्या नफ्याला असलेली जोखीम. कंपनीमुळे जगाला होणारा उपद्रव नव्हे, असे एमएससीआयचे म्हणणे असते. त्या दृष्टीने त्यांचे चुकले नाही. चूक झाली ती 'शाश्वत' हा शब्द वाचून आपल्या मनात जो अर्थ येतो त्याची.

आता थोडे घरचे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे अशाच एका प्रश्नावलीची उत्तरे गोळा करणारी प्रणाली लिहायचे काम माझ्याकडे आले. 'ऊर्जाबचतीचे लिखित धोरण आहे काय?' गुरुवारी दुपारी उत्तर 'नाही' होते. सोमवारी सकाळी चार पानांचे धोरण तयार झाले, त्यावर मोठ्या साहेबांची सही झाली, आणि मी स्वतः 'नाही'चे 'होय' केले. संगणकांची खोली तीच, वातानुकूलन तेच, विजेचे बिलही तेच. पुढल्या वर्षी श्रेणी एक पायरी वर गेली. केक कापला गेला. तो मीही खाल्ला.

मग या श्रेणींनी कंपन्या सुधारतच नाहीत का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आरोन चॅटर्जी आणि मायकेल टॉफेल या दोघांनी २०१० साली दाखवून दिले की ज्या कंपन्यांना पर्यावरणात वाईट शेरा मिळाला, त्यांनी नंतर विषारी उत्सर्ग इतरांपेक्षा अधिक कमी केले. सरकारी नियमांचा आधीच जाच होता किंवा स्वस्तात सुधारणा करता येण्याजोगी होती तिथे विशेष. म्हणजे लाज वाटते, पण परवडेल तेवढीच! त्याच दोघांनी डेव्हिड लेव्हिन यांच्याबरोबर आदल्या वर्षी लिहिलेला निबंध मला अधिक मोलाचा वाटतो. त्यात असे आढळले की कंपनीला दिलेले वाईट शेरे बऱ्यापैकी खरे ठरतात; चांगल्या शेऱ्यांवरून मात्र पुढे ती किती प्रदूषण करील याचा काहीच अंदाज लागत नाही. कारण उघड आहे. वाईट शेरा कुठल्यातरी दंडावरून, गळतीवरून, खटल्यावरून येतो, आणि चांगला शेरा येतो कंपनीने स्वतःच लिहिलेल्या धोरणावरून.

आणि हे विषारी उत्सर्ग संशोधकांना कळले कुठून? त्याचे मूळ आपल्याकडे आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. पुढल्याच ऑगस्टात त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यातही गळती झाली, तेव्हा अमेरिकेला जाग आली. १९८६ साली कायदा झाला: प्रत्येक मोठ्या कारखान्याने कोणते विषारी रसायन वर्षभरात किती पौंड हवेत, पाण्यात, जमिनीत सोडले ते लोकांना सांगायचे. श्रेणी नाही, पदक नाही, नुसती यादी. पहिले आकडे भरून देण्याच्या सुमारास, जून १९८८ मध्ये, मॉन्सॅन्टोच्या प्रमुखांनी हवेत जाणारी विषारी रसायने ९० टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर वचन देऊन टाकले. कुणी गुण दिले नव्हते. आकडा छापून येणार एवढेच पुरले. पुढल्या दहा-अकरा वर्षांत मूळ यादीतल्या रसायनांचे नोंदलेले उत्सर्ग निम्म्याच्या जवळपास घटले. हे आकडे कंपन्याच भरतात आणि काही घट नुसती मोजण्याची रीत बदलून झाली, हेही खरे. तरीपण कारखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाला त्या यादीत आपले गाव सापडते, आणि एवढ्या पौंडांचे काय केलेत हे तो विचारू शकतो. 'एए' या श्रेणीला तो काय विचारणार?

भारतातही हे वारे पोचले आहे. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला, आणि २०२३ साली गुण देणाऱ्या संस्थांसाठीही नियम केले. मोठ्यांकडून ते लोण त्यांच्या पुरवठादारांपर्यंत येते. माझा एक वर्गमित्र चाकणला मोटारींचे सुटे भाग करतो. युरोपातल्या गिऱ्हाइकाने त्याला कळवले की शाश्वततेचे पदक आणा, नाहीतर पुढली ऑर्डर कठीण आहे. त्याने पैसे मोजून एक सल्लागार नेमला. प्रश्नावलीत पाणी किती वापरता असा एक प्रश्न होता. याच्याकडे मीटरच नव्हता. म्हणून बसवला, तर गुरुवारी कारखाना बंद असतानाही काटा फिरताना दिसला. जमीन खणून पाहिली तेव्हा जुना नळ फुटलेला निघाला. किती वर्षे पाणी मुरत होते कोण जाणे.

मला हे ऐकून फार बरे वाटले. त्या मीटरचे किती गुण मिळाले, असे मी फोनवर विचारले. तो हसायला लागला. म्हणाला, "अरे, मीटरचे काहीच नाहीत. पाणीबचतीचं धोरण लिहिलं ना सल्लागाराने, त्याचे मिळाले."