होणाऱ्या आईबापांचें पुस्तक

पुस्तकें निवडून देणें हा माझ्या व्यवसायाचाच एक भाग आहे. शेक्सपिअरची कोणती आवृत्ति घ्यावी, कोणाच्या टीपांवर विसंबावें, हें मी तीस वर्षें विद्यार्थ्यांस निःशंकपणें सांगत आलों आहें. परंतु मागील श्रावणांत माझ्या कन्येनें दिवस राहिल्याची वार्ता दिली आणि लगोलग विचारलें, “बाबा, ह्यावरचें चांगलें पुस्तक कोणतें?” तेव्हां मी निरुत्तर झालों. पुढील आठवड्यांत अप्पा बळवंत चौकांतून सात पुस्तकें आणलीं, तीन इंग्रजी व चार मराठी, आणि महिनाभर तीं पेन्सिल हातांत घेऊन वाचलीं.

ह्या वर्गांतील पुस्तकांचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत सहसा येत नाहीं. तीं वैद्यकाचीं म्हणून आम्ही साहित्याचे लोक तिकडे पाहत नाहीं, आणि वैद्य मंडळी भाषेकडे व रचनेकडे पाहत नाहींत. कादंबरी फसली तर वाचकाची एक संध्याकाळ वायां जाते. हें पुस्तक फसलें तर काय जाऊं शकतें, ह्याचा अनुभव आमच्या घरास आहे. म्हणून तेथूनच आरंभ करणें बरें.

सव्वीस वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीस आठवा महिना चालू असतां तिचा चेहरा सुजला, बोटांतील अंगठी निघेना, आणि दोन दिवस डोकें दुखत राहिलें. घरांत एक चांगलें म्हणून नांवाजलेलें पुस्तक होतें. मीं तें उघडलें. ‘सूज’ ह्या मथळ्याखालीं असें होतें कीं, गर्भाच्या भारानें पाय सुजणें स्वाभाविक असून पाय उशीवर ठेवावे. डोकेदुखी निराळ्या प्रकरणांत होती. तेथें विश्रांति घ्यावी व चिंता करूं नये, असा उपदेश होता. ह्यांतील एकही वाक्य खोटें नव्हतें. परंतु चेहऱ्याची व हातांची सूज, न थांबणारी डोकेदुखी आणि डोळ्यांपुढें अंधारी हीं एकत्र आलीं कीं तें भलतेंच प्रकरण असतें, ही गोष्ट पुस्तकाच्या अखेरीस ‘कांहीं विकार’ ह्या भागांत बारीक टाइपांत छापलेली होती. आम्ही पुस्तक महिन्यांच्या क्रमानें वाचीत होतों. अखेरपर्यंत पोंचलोंच नव्हतों. शेजारच्या एक निवृत्त परिचारिकाबाई वाटीभर साखर मागावयास आल्या, पत्नीच्या तोंडाकडे पाहून त्यांनीं विचारलें, “डोळ्यांसमोर काजवे चमकतात का ग?” आणि साखर न घेतांच रिक्षा आणावयास धांवल्या. रक्तदाब अतिशय वाढलेला, लघवींत प्रथिनें. त्याच रात्रीं शस्त्रक्रिया झाली. मुलगी पावणेदोन किलो वजनाची. पत्नी चार दिवस अतिदक्षता विभागांत होती.

पुस्तक लिहिणारे गृहस्थ जाणते वैद्य होते. त्यांच्या ज्ञानांत न्यून नव्हतें. न्यून होतें तें ग्रंथरचनेंत, आणि ग्रंथरचना हा तर माझ्या अधिकारांतला विषय.

म्हणून सातही पुस्तकें हातीं घेतांच मीं प्रथम एवढेंच पाहिलें कीं, धोक्याचीं लक्षणें कोठें आहेत. रक्तस्राव, मुदतीपूर्वीं पाणमोट फुटणें, बाळाची हालचाल मंदावणें, ताप, आंकडी, दृष्टि धूसर होणें, पोटाच्या वरच्या भागांत कळ येणें: हीं एका पानावर, ठळक टाइपांत, पहिल्या दहा पानांच्या आंत असलीं पाहिजेत. दोन पुस्तकांत तीं होतीं. उरलेल्या पांचांत तीं तीनशें पानांत विखुरलेलीं होतीं, आणि एकांत तर लेखकाच्या गुरुपरंपरेस नऊ पानें देऊन आंकडीस नऊ ओळीही दिल्या नव्हत्या. गंमत अशी कीं, सरकारी केंद्रांतून मोफत मिळणारें माता व बाल संरक्षण कार्ड ह्या कसोटीस बरेंच चांगलें उतरतें. त्यांत धोक्याचीं लक्षणें चित्रांसह असून लसीकरणाचा तक्ताही आहे. त्याला पुस्तक म्हणतां येणार नाहीं, दिवाणखान्यांत ठेवण्यासारखेंही तें नाहीं. परंतु ज्यानें तें योजिलें त्याला वाचक घाबरलेला असतो हें ठाऊक होतें.

दुसरी गोष्ट मीं पाहिली ती स्वार्थानें. आईला जो विकार झाला तो मुलीलाही होण्याचा संभव इतरांपेक्षां अधिक असतो. ब्रिटनमधील नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर एक्सलन्स ह्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेंत पहिलें गर्भारपण आणि घराण्यांत हा विकार असणें ह्या दोन्ही गोष्टी मध्यम जोखमीच्या मानिल्या असून, अशा एकाहून अधिक गोष्टी एकत्र आल्यास बाराव्या आठवड्यापासून अल्प मात्रेंत ॲस्पिरिन देण्याचा सल्ला वैद्यांस दिला आहे. माझ्या मुलीस दोन्ही लागू आहेत. हें औषध आपल्या मनानें घ्यावयाचें नव्हे; परंतु वैद्यासमोर हा विषय वेळींच काढणें आपल्या हातीं असतें. मग पुस्तकानें पहिल्याच प्रकरणांत वाचणारीस विचारावें कीं, “तुझ्या आईचें बाळंतपण कसें झालें होतें, तें तिला विचारलेंस का?” हा प्रश्न माझ्या सात पुस्तकांपैकीं एकानेंच विचारला, आणि तें पुस्तक इंग्रजी होतें.

आतां इंग्रजी पुस्तकांविषयीं. हायडी मर्कॉफबाईंचें ‘व्हॉट टू एक्स्पेक्ट व्हेन यू आर एक्स्पेक्टिंग’ १९८४ सालीं प्रथम निघालें. त्यावर भीति वाढविल्याचा आरोप पुष्कळांनीं केला आहे, आणि तो अगदींच निराधार नाहीं. शंभर अनर्थांचीं उत्तरें वाचून ज्या अनर्थांची शंकाही आली नव्हती ते मनांत घर करतात. परंतु प्रश्नोत्तरांची त्याची योजना सोयीची आहे. अडचण आहे ती स्वयंपाकघराची. कच्चे मासे आणि न तापविलेल्या दुधाचें चीज ह्यांविषयींच्या सूचना आपल्याकडील वाचणारीस फारशा उपयोगाच्या नाहींत. तिचा प्रश्न असा असतो कीं, लोहाच्या गोळीमागोमाग चहा चालेल का? (चालणार नाहीं, चहानें लोह अंगीं लागण्यास अडथळा येतो.) आणि हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरींत देशांतील गर्भवतींपैकीं शेंकडा ५२ जणी पंडुरोगी आढळल्या आहेत.

एमिली ऑस्टर ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंचें ‘एक्स्पेक्टिंग बेटर’ (२०१३) मला वाचावयास सर्वांत आवडलें, आणि म्हणूनच मी त्याजविषयीं सावध झालों. कोणताही नियम मुकाट्यानें न मानतां त्यामागील पुरावा तपासावा, हा त्यांचा बाणा माझ्यासारख्या पदवीधरास सुखावतो. परंतु मद्याच्या बाबतींत त्यांनीं दिलेली सवलत अनेक वैद्यांस मान्य नाहीं, आणि गर्भारपणीं मद्याची निर्धोक अशी मात्रा ठरलेली नाहीं, हेंच वैद्यकसंस्थांचें मत आहे. पुरावा तोलण्याची हौस आणि तोलण्याचा अधिकार ह्यांत अंतर आहे. तें आम्हां सुशिक्षित पुरुषांच्या लौकर ध्यानांत येत नाहीं.

जुनें पुस्तक घरांत आहे म्हणून तेंच वापरण्याचा मोहही टाळावा. डॉक्टर स्पॉक ह्यांचा १९४६ चा सुप्रसिद्ध ग्रंथ आईबापांस आत्मविश्वास देणारा म्हणून योग्यच गाजला. परंतु त्याच्याच पुढील कित्येक आवृत्त्यांत तान्ह्या मुलास पालथें निजवावें, असा सल्ला होता. पालथें निजलेल्या मुलांत आकस्मिक मृत्यूचें प्रमाण अधिक असतें, हें पुढें सिद्ध झालें आणि १९९२ सालीं अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें पालथें न निजविण्याचा उपदेश केला. एवढा सज्जन व विद्वान लेखक; पण चुकीची आवृत्ति कपाटांत राहिली कीं त्याची सज्जनता काय कामाची? कालिदासाची जुनी प्रत मौल्यवान असते, ह्या विषयाची जुनी प्रत रद्दींत घालावी.

मराठींत ह्या विषयावर जें आज सर्वाधिक खपतें तें गर्भसंस्कारांचें वाङ्मय. बालाजी तांबे ह्यांचा ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ हा ग्रंथ डोहाळजेवणांत भेट म्हणून देण्याची चाल मध्यमवर्गांत पडली, आणि त्याच्या मागोमाग अनुकरणांची रांग लागली. ह्या वाङ्मयाचा एक गुण मनापासून मान्य केला पाहिजे: तें गर्भिणीस रोगी समजत नाहीं. तिनें चांगलें खावें, चांगलें ऐकावें, घरानें तिचें मन सांभाळावें, असें तें सांगतें, आणि तेंही सासूबाईंस पटेल अशा भाषेंत. इंग्रजी पुस्तकास हें कधींही साधणार नाहीं.

माझी तक्रार अनुकरणांविषयीं आहे. गर्भास अखेरच्या महिन्यांत ऐकूं येतें आणि नवजात बालक आईचा आवाज ओळखतें, एवढें शास्त्रानें दाखविलें आहे. एवढ्या पायावर हीं पुस्तकें बुद्धिमान, गोऱ्या व सुस्वभावी संततीचा इमला उभारतात. केशराच्या दुधानें मूल गोरें होतें, हें वाक्य मला दोन पुस्तकांत आढळलें. तीं दोन्ही मीं तेथेंच मिटलीं. आणि पुरावा म्हणून प्रत्येकांत अभिमन्यु असतोच. ही कथा इतकी रूढ झाली आहे कीं ती मूळ महाभारतांतील नव्हे, हें सांगितलें तर लोकांस नवल वाटतें. द्रोणपर्वांत अभिमन्यु एवढेंच म्हणतो कीं, व्यूह भेदण्याची विद्या पित्यानें मला शिकविली, बाहेर पडण्याची शिकविली नाहीं. गर्भांत ऐकल्याची व सुभद्रेस झोंप लागल्याची गोष्ट मागाहून आली. ह्या मागाहून आलेल्या कथेनें काय केलें तें पाहा: अनेक महारथी एका मुलास घेरून मारतात, आणि दोष येतो तो नऊ महिने भरत आलेल्या, दमून झोंपलेल्या बाईवर! ज्या घरांत मूल कमी वजनाचें किंवा व्यंग घेऊन जन्मास येतें त्या घरांत ह्या तर्कशास्त्राचा अर्थ काय होतो, ह्याचा विचार ह्या लेखकांनीं केलेला दिसत नाहीं. माझ्या पत्नीनें पुढें दोन वर्षें, आपण कोणता मंत्र चुकलों, हें मनाशीं शोधिलें.

प्राचीनांचा आधार घ्यावयाचा तर तोही प्रामाणिकपणें घ्यावा. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत गर्भिणीची महिनेवारी पथ्यें आहेत. पहिल्या महिन्यांत दूध, पुढें दूध-लोणी, तूप असा तो क्रम सौम्य व समंजस आहे. त्याच अध्यायांत पुत्रप्राप्तीसाठीं पुंसवनाचा विधिही आहे. त्या काळचा तो विचार होता, हें स्पष्ट सांगून संपादकानें पुढें जावें. परंतु आज ‘पुत्र हवा असल्यास’ असें कोणी पुस्तकांत लिहील, तर १९९४ च्या कायद्यानें लिंगनिवडीच्या जाहिरातीस बंदी आहे हें त्यानें विसरूं नये, आणि विकत घेणारानें तर मुळींच विसरूं नये. असें एक प्रकरण दिसलें कीं बाकीच्या पुस्तकाची पारख करण्याचें कारण उरत नाहीं.

भाषेविषयीं दोनच शब्द. अनुवादित पुस्तकांत ‘अपरा’, ‘गर्भोदक’, ‘प्रसववेदना’ असे शब्द पाहून मला आमच्या सुईणींची आठवण होते. वार, नाळ, पाणमोट, कळा, चीक: एवढी नेमकी परिभाषा तयार असतां ती टाकून कोशांतील शब्द योजणें म्हणजे रात्रीं दोन वाजतां घाबरलेल्या माणसास संस्कृताचा धडा देणें होय. आणि नवऱ्यास उद्देशून लिहिलेलें प्रकरण बहुतेक पुस्तकांत अखेरीस, चार पानांचें, ‘पत्नीस फुलें द्यावींत’ ह्या थाटाचें असतें. त्यापेक्षां रक्तगट लिहून ठेव, रुग्णालयाचा रात्रींचा रस्ता एकदां दिवसा जाऊन पाहा, हालचाल कमी वाटते असें ती म्हणाली तर सकाळची वाट पाहूं नको, अशीं तीन वाक्यें पुरलीं असतीं.

शेवटीं मीं एक इंग्रजी व एक मराठी अशीं दोन पुस्तकें कन्येकडे पाठविलीं. मराठीची आवृत्ति नवी, लेखिका प्रसूतितज्ज्ञ, भाषा साधी. मुखपृष्ठ मात्र भडक. पाठविण्यापूर्वीं पत्नीनें तीं चाळलीं, आणि मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आंतील कोऱ्या बाजूस धोक्याचीं लक्षणें ठसठशीत अक्षरांत लिहून काढलीं. तीं लेखिकेनें आठव्या पानावर दिलींच आहेत, असें मीं म्हटलें. “विहीणबाई आठव्या पानापर्यंत जाणार नाहींत,” ती म्हणाली, आणि त्याखालीं रुग्णालयाचा दूरध्वनि-क्रमांक लिहिला.